चारशेला नाही म्हणणारे भाऊजी

नाशिक शहरात खरं बोलणारी माणसं किती आहेत हे मला माहीत नाही, पण तापमान विचारल्याशिवाय ज्याने आयुष्यात एकाही गोष्टीवर विश्वास ठेवला नाही असा माणूस एकच आहे, आणि तो माझ्या घरमालकीणबाईंचा धाकटा दीर आहे. घरमालकीणबाई त्यांना भाऊजी म्हणतात, म्हणून सगळी गल्ली भाऊजी म्हणते, कोपऱ्यावरचा दूधवाला म्हणतो, धातूवर मुलामा चढवणाऱ्या ज्या प्लेटिंगच्या कारखान्यात ते भट्टी सांभाळायचे तिथला मालकसुद्धा म्हणतो. मीही पहिल्याच दिवशी म्हणून टाकलं. त्यावर ते अत्यंत गंभीरपणे म्हणाले, "ताई, तुमचं अजून लग्न झालेलं नाही असं वहिनी म्हणत होत्या. तुम्ही मला भाऊजी म्हटलं की मला उगाच तुमच्या नवऱ्याला शोधावंसं वाटतं." मी त्यांच्या निम्म्या वयाची, पण ते मला आजही ताईच म्हणतात आणि मी त्यांना भाऊजी. आमच्या नात्याला नाव नाही ते असं.

सातपूरला ही खोली मी घेतली ती कारखान्यांच्या जवळ राहता यावं म्हणून. मी एका छोट्या संघटनेचं काम करते. आमच्याकडे पैसा नाही, गाडी नाही, ओळखी नाहीत, पत्रकं आहेत. अन्याय दिसला की संध्याकाळपर्यंत पत्रक लिहून होतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेटवर वाटलं जातं, ही आमची शिस्त. खोली बघायला गेले त्या सकाळी अंगणात भाऊजी उभे राहून फोनवर ओरडत होते. मी जे ऐकलं ते अक्षरशः असं: "तिघं आत हायेत ना? मग दार उघडू नका! शोक होऊ द्या पुरता. दुपारी काढू बाहेर." माझ्या अंगावर काटा आला. तीन माणसं आत, दार बंद, आणि हा माणूस दुपारची वाट बघतोय! मी चप्पल काढली, मान खाली घातली आणि उभ्या जागी दोन मिनिटं शांत राहिले. डोक्यात मथळासुद्धा तयार झाला होता. मग हलक्या आवाजात विचारलं, "कोण होते?" भाऊजी म्हणाले, "कोण म्हणजे? ट्रॉल्या." तो शोक नव्हता, सोक होता. माल भट्टीत घातला आणि काट्याने आकडा दाखवला म्हणजे काम झालं असं नसतं; ती ऊब धातूच्या पोटापर्यंत पोचेपर्यंत त्याला त्याच तापमानावर धरून ठेवायचं असतं, त्या वेळेला कारखान्यात सोक म्हणतात. भाऊजी मूळचे देवळ्याकडचे, त्यांच्या तोंडात श आणि स एकाच ताटात जेवतात. त्यामुळे त्यांच्या सोकाने गावात किती घरी रडारड झाली असेल ते त्यांनाच ठाऊक. घरमालकीणबाई, म्हणजे माझ्या काकू, तर सांगतात की एकदा खरोखरच कुणाच्या तरी दहाव्याला जाऊन त्यांनी घरच्यांना धीर दिला होता: "घाई करू नका. सोक पुरता झाल्याशिवाय माणूस बाहेर काढू नये." घरच्यांना ते फार पटलं म्हणे.

भाऊजींच्या शर्टाच्या खिशाला पेन नसतं, तिथे एक छोटी कानस असते. लोक हात मिळवून ओळख करून घेतात, भाऊजी कानस लावून. धातूच्या कुठल्याही वस्तूच्या कडेला ते कानशीचं टोक एकदाच ओढतात. कानस चावली तर वस्तू मऊ, घसरली तर कडक. आमच्या घराच्या फाटकावर, काकूंच्या अडकित्त्यावर, माझ्या सायकलच्या हँडलवर आणि गल्लीतल्या गणेश मंडळाला मिळालेल्या करंडकावर भाऊजींच्या स्वाक्षऱ्या आहेत. गंगापूर रोडच्या एका मोठ्या हॉलमध्ये काकूंच्या भाचीचं लग्न होतं. आहेराच्या टेबलावर स्टीलचा मोठा डिनर सेट मांडलेला. भाऊजींनी ताट उचललं, चुंबक लावलं, कानस लावली, आणि बँड थांबला त्या नेमक्या क्षणी जाहीर केलं, "हे मिठाला टिकायचं नाय. ठिपके पडतील." सेट देणारे गृहस्थ शेजारीच उभे होते. ते न जेवता गेले. "मी काय खोटं बोललो का, वहिनी?" असं भाऊजी परतीच्या रिक्षात विचारत राहिले. काकू म्हणाल्या, "खोटं बोलायला तुम्हाला कुणी सांगितलंय? गप्प बसायला सांगितलं होतं." ठिपके नंतर पडले. पण ते सांगायला भाचीने फोन केला तो फक्त भाऊजींना.

त्यांचं स्वतःचं लग्न भट्टीनेच मोडलं. मुलगी बघायला मंडळी पिंपळगावला गेली होती. पोहे आले, बोलणी चांगली चालली होती, मुलीने नाव सांगितलं, आणि भाऊजींनी घड्याळ बघितलं. साडेअकराला ट्रॉली काढायची होती. ते उठले, सगळ्यांना नमस्कार केला आणि "माझा सोक संपत आलाय" एवढं बोलून बस पकडायला गेले. मुलीच्या वडिलांनी त्याचा अर्थ असा लावला की या मुलाच्या घरात नुकतंच कोणीतरी वारलंय आणि हे लोक ते लपवतायत. पुन्हा कुणी मुलगी दाखवली नाही, आणि भाऊजींनीही आठवण करून दिली नाही.

माणसांनाही ते अंश लावतात. काकू कायम साठ, म्हणजे हात लावता येतो पण ठेवता येत नाही. कोपऱ्यावरचा किराणावाला पस्तीस, जिवंत आहे इतकंच. धरणावर एकदा सूर्य मावळताना सगळे लोक फोटो काढत होते, पाणी जांभळं झालं होतं, भाऊजी म्हणाले, "दोनशे ऐंशी." पोलाद तापवलं की त्या आकड्याला तो रंग येतो. त्यांच्या बोलण्यात याहून मोठी दाद मी ऐकली नाही. मला त्यांनी चारशे दिले होते. माझं एक पत्रक वाचून ते मान हलवत म्हणाले होते, "ताई, तुम्ही एकदम चारशे." मी ते कौतुक समजून संघटनेत चारचौघांना सांगितलं. त्याचा खरा अर्थ कळायला मला जे करावं लागलं ते आता सांगते, आणि त्यात माझी बाजू चांगली नाही.

दिंडोरीकडचे काही द्राक्षबागायतदार आमच्याकडे आले. त्यांच्या फवारणीच्या पंपांचे दट्ट्ये एका हंगामात खराब झाले होते. दट्ट्या म्हणजे पंपात मागे-पुढे होणारा तो पोलादी दांडा. त्याच्यावर निकेलचा चकचकीत थर असतो. वर्षानुवर्षं टिकेल असं सांगून पंप विकलेले, आणि दट्ट्यांवर बघितलं तर लांब चरे. पंपवाला म्हणाला, प्लेटिंगवाल्याला विचारा. प्लेटिंगवाला म्हणजे भाऊजींच्या कारखान्याचा मालक. मी चौकशी केली. दुसऱ्या एका कारखान्यात माल तपासणाऱ्या माणसाने मला समजावून सांगितलं: पोलाद हिरव्या कढत द्रावणात बुडवतात, वीज न लावता त्याच्यावर निकेल आणि फॉस्फरस या दोघांचा मिळून एक थर बसतो, आणि मग तो थर चारशे अंशांवर तासभर भाजला की त्याचा कडकपणा जवळजवळ दुप्पट होतो. मी विचारलं, "आणि नाही भाजला तर?" तो म्हणाला, "तर नाही होत." पुढे मी त्या मालाचं जॉबकार्ड, म्हणजे कामाचा तपशील लिहिलेलं कार्ड, मिळवलं. त्याच्यावर स्वच्छ लिहिलं होतं: दोनशे अंश, चार तास. खाली भाऊजींची सही.

बस. मला एवढंच हवं होतं. चारशेच्या जागी दोनशे, म्हणजे गॅस वाचवला, म्हणजे अर्धी भट्टी गिळली, म्हणजे शेतकऱ्याला कच्चा माल दिला! 'चमक वर, लूट आत' असा मथळा देऊन मी पत्रक लिहिलं. दोनशे या आकड्याला मी अवतरणचिन्हात टाकलं आणि खाली सही करणाऱ्या 'भट्टीप्रमुखा'ला जाहीर सवाल केला. तो भट्टीप्रमुख त्या वेळी माझ्या खोलीच्या खालच्या खोलीत शेंगदाणे भाजत होता. जिन्याच्या बारा पायऱ्या उतरून मी त्याला विचारू शकत होते. विचारलं नाही. ओळखीच्या माणसाला विचारायला गेलं की लेखणी बोथट होते, असं आम्हाला शिकवलेलं आहे आणि मी ते कुठल्याही शंकेशिवाय पाळत होते. आज मला वाटतं, लेखणी बोथट होत नाही, आपल्याला फक्त भीती असते की उत्तर मिळेल.

पत्रक वाटून झालं त्या सकाळी काकूंच्या स्वयंपाकघरात भाऊजींनी ते उभ्याने पूर्ण वाचलं. मी दारात होते. कानावरची पेन्सिल काढून त्यांनी 'निकेल' मधली वेलांटी ऱ्हस्व केली, दोनशेच्या पुढे 'सेल्सिअस' लिहिलं, कागद मला परत दिला आणि डबा घेऊन कामाला गेले. त्या दिवशी ते दुपारी बारालाच घरी आले. काकूंच्या हातातली पळी खाली पडली, कारण एकतीस वर्षांत भाऊजी बाराला घरी आलेले नव्हते, त्यांचा भाऊ गेला तेव्हासुद्धा ते ट्रॉली काढून दोनला आले होते.

"काय झालं?" काकूंनी विचारलं.

"मालक म्हणाले, गवगवा झालाय, पंपवाला ओरडतोय. उद्यापासून दट्ट्ये चारशेला लावा."

"मग लावायचे."

"मी म्हटलं, लावणार नाही."

"मग?"

"मग ते म्हणाले घरी बसा." असं म्हणून भाऊजी खरोखरच बसले, ओट्याशेजारच्या पाटावर, चप्पल न काढता.

काकू माझ्याकडे वळल्या. त्या मला एरवी बाळा म्हणतात. त्या दिवशी म्हणाल्या, "मॅडम, झालं का तुमचं समाधान?"

मी लगेच भांडायच्या पवित्र्यात आले. म्हटलं, मालकाने माझ्या पत्रकामुळे चूक सुधारली तर भाऊजींनी अडवायचं काय कारण? शेतकऱ्याला कडक माल मिळतोय तर मिळू द्या की! मग देवळ्याची भाषा भाऊजींच्या तोंडून निसटली, जी फक्त फार दुखलं की निसटते: "मी काय येडा शे का, ताई?" आणि ते आपल्या खोलीत गेले. दोन दिवस दार बंद. काकू ताट नेऊन ठेवायच्या, ताट रिकामं बाहेर यायचं, बोलणं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी गच्चीवरून हाक आली. वर गेले तर काकूंच्या सांडग्यांच्या शेजारी लोणच्याच्या दोन बरण्या उन्हात ठेवलेल्या, दोन्हींत मोरचूद घातलेलं निळंशार पाणी. द्राक्षबागेत याच मोरचुदात चुना मिसळून फवारतात. प्रत्येक बरणीत एकेक दट्ट्या उभा. डावीकडचा रुपेरी, उजवीकडचा जरा पिवळसर झाक असलेला.

"डावा दोनशेचा," भाऊजी म्हणाले. "उजवा चारशेचा. कालच्या मालातला मागवून घेतला. काढा बाहेर. हाताला फडकं घ्या."

डावा काढला. जसा होता तसा. उजवा काढला, आणि त्याच्यावर गुलाबी ठिपके होते. बारीक, सुईने टोचल्यासारखे, काही ठिकाणी एका रेषेत. मी बोट फिरवलं, पुसले जाईनात.

"हे काय?"

"तांबं. मोरचुदातलं तांबं पोलाद दिसलं की जाऊन बसतं. म्हणजे इथे इथे पोलाद उघडं पडलंय." मग ते सांडगे बाजूला सरकवून बसले आणि मला जे समजावलं ते मी कुठल्याही पुस्तकात असं वाचलं नसतं. "ताजा थर म्हणजे तुमचा मोर्चा. सगळे खेटून. कोण पुढे, कोण मागे, काही रांग नाही. त्यात शिरायला फट नसते, म्हणून औषध आत जात नाही, गंज येत नाही. आता त्याला चारशेला नेला. सगळे कवायतीला उभे राहिले, रांगेत. दम आला, कडक झाले, कानस घसरते. पण आक्रसले. रांगा-रांगांमध्ये जागा झाली. तिथून मोरचूद शिरतं खाली. वरून थर तसाच चकाकतो, आतून पोलाद खातंय. एका पावसाळ्यात पापुद्रा उठेल."

"म्हणजे चारशे वाईट?"

"वाईट कसं? कोरड्या ठिकाणी फिरणारा दांडा असता तर मीच चारशे लावले असते. काम बघितल्याशिवाय आकडा चांगला की वाईट कसं ठरवणार?" त्यांनी एक सांडगा सरळ केला. "तुम्हाला चारशे म्हणालो होतो ना मी. ते कडकपणाचं बोललो होतो. बाकीचं बोललो नव्हतो."

हातातला ठिपक्यांचा दट्ट्या मी बरणीत परत ठेवला. पण एक प्रश्न उरत होता आणि मी तो विचारला, कारण शेतकऱ्यांचे दट्ट्ये तर खरंच खराब झालेले होते. भाऊजी म्हणाले, मलाही तेच बघायचंय. आम्ही एसटीने दिंडोरीकडे गेलो. तक्रार करणाऱ्यांपैकी एका बागायतदाराने जुना दट्ट्या काढून दिला. भाऊजींनी कानस काढली नाही. अंगठ्याचं नख त्या चऱ्यांवरून लांबीला फिरवलं, मग आडवं फिरवलं.

"हे गंजलेलं नाही. घासलेलं आहे," ते म्हणाले. "भाऊ, चुना कशातून गाळता?"

"गाळतो का?" बागायतदार हसला. "छाटणीनंतर लय घाई असती, काका. एक दिवस चुकला की डाऊनीचा रोग चढला पानांवर. तिथं गाळत कोण बसतो? पिंपात टाकायचा, काठी फिरवायची, चालू."

भाऊजींनी पिंपाच्या तळाशी हात घातला आणि मूठ उघडून दाखवली. चुन्याचे खडे, वाळूसारखे. पंपात हेच फिरत होतं. मला वाटलं आता हे शेतकऱ्याला सुनावतील. पण ते म्हणाले, "तुमची चूक म्हणत नाही मी. कुणी सांगितलंच नाही. हे बघा, माझ्याकडे दोनच चांगल्या गोष्टी आहेत, कडकपणा आणि गंज न येणं, आणि दोन्ही एकदम देता येत नाहीत. औषध असल्यावर मी गंज न येणं देतो. खडे तुम्ही अडवा. जुनं धोतर दुहेरी करून पिंपाच्या तोंडाला बांधा, पाच मिनिटं जास्त लागतील." बागायतदार म्हणाला, "हे पंपवाल्याने सांगायला नको होतं का?" आणि तेव्हा मला कळलं की खरं पत्रक या एका वाक्याचं होतं, आणि ते मी लिहिलं नव्हतं.

परत आल्यावर मी नवीन पत्रक लिहिलं. 'आमचं चुकलं' असा मथळा. आमच्या संघटनेचे अध्यक्ष चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "माफी छापायची पद्धत नाही आपल्यात. उद्या प्रत्येक मालक हा कागद फडकावेल." मी म्हटलं, फडकावू द्या, खरं आहे ते फडकलं तर काय बिघडलं? ते म्हणाले, तुझं डोकं ठिकाणावर नाही. मी संघटनेचं नाव काढून टाकलं, माझं एकटीचं ठेवलं आणि पहिलं वाटलं होतं त्या प्रत्येक ठिकाणी जाऊन दुसरं वाटलं. त्यात चुना गाळायचं लिहिलं, दोनशे का बरोबर ते लिहिलं, आणि ज्या माणसाने चारशेला नाही म्हटलं त्याला कामावर परत घ्या असंही लिहिलं. मजकूर छापायच्या आधी, हे अभिमानाने नाही, लाजेने सांगते, बारा पायऱ्या उतरून भाऊजींकडून तपासून घेतला. त्यांनी शेवटचं वाक्य खोडलं. मी ते पुन्हा घातलं.

दट्ट्यांबद्दल मालकाला माझं पत्रक वाचून काही पटलं असं मी म्हणणार नाही. चारशेला भाजलेल्या मालावर पंपवाल्याकडे गुलाबी ठिपके दिसले, माल परत आला, तेव्हा त्याला पटलं. आकडा निमूटपणे दोनशेवर परत गेला. पण माणसाला बोलावणं आलं नाही. मी मालकाच्या केबिनमध्ये जाऊन उभी राहिले. तो वाईट माणूस नाही, मला चहा दिला. म्हणाला, "अहो, भाऊजी बरोबरच होते. पण आता साठीला आलेत, बसू द्या घरी. आणि खरं सांगू का, जो एकदा नाही म्हणाला तो पुन्हा म्हणणार."

"म्हणूनच ठेवायला हवा!" मी ओरडले.

"तुमच्या संघटनेत ठेवता का अशी माणसं?" त्याने विचारलं. चहा तसाच टाकून मी निघाले, कारण मला उत्तर माहीत होतं.

मी गेटसभा ठरवली, वकिलाशी बोलले, कागद तयार केले. भाऊजींनी सही केली नाही. "गेटवर गर्दी झाली तर टेम्पो अडकेल," ते म्हणाले. "प्लेटिंग झालेला माल चार तासांच्या आत भट्टीत गेला पाहिजे, नाहीतर आत शिरलेला वायू पोलादाला तडा पाडतो. तुमच्या सभेला किती वेळ लागतो?" मी म्हटलं, भाऊजी, तुमच्या नोकरीचं बोलतेय मी. ते म्हणाले, "मी मालाचं बोलतोय." याच्यापुढे कुठलीही चळवळ चालत नाही.

परवा काही कामाने मी पुन्हा त्या कारखान्यात गेले होते. भट्टीवर आता पेठकडची एक बाई आहे, भाऊजींच्या हाताखाली नऊ वर्षं काढलेली. भट्टीच्या पाटीवर लाल आकड्यांत दोनशे झळकत होते. घरी येऊन मी भाऊजींना मोठ्या उत्साहाने सांगितलं: दोनशेच आहे, मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. ते ओट्यापाशी लसूण सोलत होते. हल्ली काकू त्यांना अशी कामं देतात आणि ते नाही म्हणत नाहीत.

"दार लावताना कडी कुठली आधी लावली तिने?" त्यांनी विचारलं. "खालची का वरची?"

मला माहीत नव्हतं. मी आकडा बघत होते.

"खालून ऊब गळते त्या दाराची," ते म्हणाले. "वरची आधी लावली तर खालची नीट बसत नाही. खालच्या कप्प्यातला माल दोनशेला पोचतच नाही, पाटीवर दोनशे दिसतात तरी." आणि लसूण सोलत राहिले.

दुसऱ्या दिवशी सभा सोडून मी तिथे गेले आणि ट्रॉली आत जायची वाट बघत भिंतीला टेकून उभी राहिले. बाईने ट्रॉली ढकलली, दार लोटलं, गुडघ्यावर बसली आणि खालची कडी आधी ओढली, मग उठून वरची. मी विचारलं, असं का? ती म्हणाली, "भाऊजींनी सांगेल हाय." मागे न बघता, जसं काही भाऊजी आत्ताच चहाला गेलेत.

संध्याकाळी मी सांगितलं तेव्हा भाऊजींनी सगळं नीट ऐकून घेतलं. गुडघ्यावर बसली होती का, हेही विचारलं. बसली होती म्हटल्यावर त्यांनी मान डोलावली. मग त्यांनी स्वतःच्या गुडघ्याकडे बघितलं, तिथे पँटचं कापड घासून पांढरं झालेलं होतं, आणि काकूंना म्हणाले, "वहिनी, ही कामाची पँट आता घरात वापरायला काढली तरी चालेल."